मटण खाणारे जास्त जगतात की भाजी खाणारे? माझ्या प्रश्न क्रमांक ११ ची गोष्ट



पेटची तयारी करणाऱ्या, किंवा पेट झाली पण सिनॉप्सिस अडलाय अशा सगळ्यांसाठी आजची पोस्ट. विषय आहे आहार आणि आयुष्य. पण खरं सांगायचं तर विषय आहे संशोधनाचा प्रश्न कसा चुकतो आणि तो दुरुस्त कसा करायचा. माझा स्वतःचाच चुकला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझ्या पायलट सर्व्हेच्या फॉर्ममध्ये प्रश्न क्रमांक ११ असा होता : 'तुम्ही मांसाहार करता का? हो / नाही.' कर्जत तालुक्यातल्या दोन ठाकूरवाड्या, एक कातकरीवाडी आणि खोपोलीतल्या दोन सोसायट्या, एवढंच माझं पायलट. वाड्यांवर एकूण एक उत्तर 'हो' आलं. सोसायट्यांमध्ये बरेच 'हो', काही 'नाही'. मी खूश. डेटा स्वच्छ, एकही रकाना रिकामा नाही.

मग एका वाडीवर एका आजींचा फॉर्म भरत होते. वय विचारलं तर म्हणाल्या, "तूच लिही काय ते." प्रश्न ११ विचारला. त्या म्हणाल्या, "खातो ना. पण गावतं कधी?" मी 'हो' वर टिक केली आणि पुढे गेले. नंतर त्याच फॉर्ममधला 'काल दिवसभरात काय खाल्लं' हा भाग भरला : सकाळी नाचणीची भाकरी आणि काळा चहा, दुपारी भात आणि सुकटीची चटणी, रात्री भात आणि वालाचं कालवण. कोंबडी शेवटची कधी खाल्ली? जत्रेला. जत्रा होऊन तीन महिने झाले होते.

त्याच आठवड्यात खोपोलीच्या सोसायटीतला एक फॉर्म होता. वय ४१, दर शनिवार-रविवारी चिकन किंवा मटण, महिन्यातून एकदा मित्रांबरोबर फार्महाऊसवर बार्बेक्यू, सकाळच्या घाईत सॉसेज. प्रश्न ११ : हो.

माझ्या एक्सेल शीटमध्ये ही दोन माणसं एकाच रकान्यात, एकाच आकड्याखाली बसली होती. आणि या आकड्यावरून मी 'मांसाहार आणि दीर्घायुष्य' यांचा संबंध शोधणार होते! आता तुम्हीच सांगा, काय सापडलं असतं?

आधी तो गाजलेला पेपर

२०२२ मध्ये एक पेपर आला. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १७५ देश-प्रदेशांची आकडेवारी घेऊन दाखवलं, की जिथे दरडोई मांस जास्त, तिथे सरासरी आयुर्मान जास्त. बातम्या झाल्या, आपल्या फॅमिली ग्रुपवरही आल्या. दुसऱ्या बाजूने 'शाकाहारी जास्त जगतात' असे फॉरवर्ड तर कायमचेच.

पेपर वाचताना आधी लेखकांना न्याय द्या. ही सवय लावून घ्या, व्हायव्हाला उपयोगी पडते. त्यांनी एकूण कॅलरी, शहरीकरण, लठ्ठपणा, शिक्षण हे घटक हिशेबात घेतले होते. फक्त जन्माच्या वेळचं आयुर्मान न बघता पाच वर्षं वयानंतरचं आयुर्मानही बघितलं होतं. म्हणजे काम वरवरचं नव्हतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की या अभ्यासात एकही माणूस नाही. आहेत ते देश. मांसाचा आकडाही कोणी काय खाल्लं याचा नाही, तर देशात दरडोई किती मांस उपलब्ध होतं याचा आहे. तो जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ताळेबंदातून येतो : उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा इतर वापर, भागिले लोकसंख्या. आषाढात ओढ्यात हाताने धरलेली चिंबोरी या ताळेबंदात शोधून सापडणं कठीण. आणि मटण वाड्यावर गेलं की फार्महाऊसवर, हे तो ताळेबंद सांगूच शकत नाही.

एक छोटा प्रयोग घरी करून बघा

आपल्याच देशाचे आकडे घेऊ. २०१४ च्या एसआरएस बेसलाइन सर्व्हेमध्ये १५ वर्षांवरच्या लोकांना शाकाहारी की मांसाहारी हे विचारलं होतं. २०१४-१८ चं राज्यवार आयुर्मानही एसआरएसमधूनच मिळतं.

केरळ : शाकाहारी सुमारे ३ टक्के, आयुर्मान सुमारे ७५ वर्षं.
राजस्थान : शाकाहारी सुमारे ७५ टक्के, आयुर्मान सुमारे ६९ वर्षं.

झालं, मांसाहार जिंकला. आता दुसरी जोडी घ्या.

पंजाब : शाकाहारी सुमारे ६७ टक्के, आयुर्मान सुमारे ७३ वर्षं.
छत्तीसगड : शाकाहारी सुमारे १८ टक्के, आयुर्मान सुमारे ६५ वर्षं.

आता शाकाहार जिंकला. आकडे चारही खरे आहेत. खोटी आहे ती आपली उडी : राज्याच्या सरासरीवरून थेट माणसाच्या ताटावर मारलेली. केरळात मुलींचं शिक्षण, जवळचं आरोग्य केंद्र, दवाखान्यातली बाळंतपणं हे सगळं मासळीच्या बरोबर येतं. पंजाबात दूधदुभतं आणि पैसा येतो. आहार हा त्या सगळ्या गाठोड्यातला एक दोरा आहे. असा तिसराच घटक, जो आहाराशीही जोडलेला आणि आयुष्याशीही जोडलेला असतो, त्याला कन्फाउंडर म्हणतात.

आणि समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. याचं अभिजात उदाहरण १९५० चं आहे. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतली ४८ राज्यं घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसली; सहसंबंध उणे ०.५३. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? तर नाही. व्यक्तीनिहाय आकडे काढल्यावर सहसंबंध अधिक ०.१२ निघाला, चिन्हच उलटं. कारण सोपं होतं : बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत स्थायिक झाले, जिथले मूळ रहिवासी आधीच जास्त साक्षर होते.

नेट-सेटमध्ये हा प्रश्न व्याख्येपुरता येतो. पण संशोधनात तो दर आठवड्याला येतो, फक्त नाव सांगून येत नाही.

मग माणसं मोजली तर?

बरोबर, पुढची पायरी तीच. हजारो माणसं घ्यायची, त्यांचा आहार विचारायचा आणि वर्षानुवर्षं मागे राहून कोण कधी, कशाने गेलं हे नोंदवायचं. याला कोहोर्ट अभ्यास म्हणतात.

अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. २०१३ च्या पेपरमध्ये ७३,३०८ लोक होते. शाकाहारी गटात मृत्यूचा दर १२ टक्क्यांनी कमी निघाला. या पंथात दारू-सिगारेट फारशी नाही, त्यामुळे तो गोंधळ बराच टळतो. उलट ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात शाकाहारी आणि मांसाहारी यांच्या एकूण मृत्युदरात ठोस फरक दिसला नाही. त्याच अभ्यासाच्या २०१९ च्या पेपरमध्ये शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त दिसला.

आता गंमत बघा. अ‍ॅडव्हेंटिस्ट अभ्यासात तो जो एकत्रित 'शाकाहारी' गट आहे, त्यात अंडी-दूध खाणारे आहेत, मासे खाणारे आहेत आणि आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी मांस खाणारेसुद्धा आहेत. आपल्या वाडीवरच्या आजी आठवतात? सुकट खाणाऱ्या, जत्रेला कोंबडी खाणाऱ्या? माझ्या फॉर्मवर त्या मांसाहारी. पण कॅलिफोर्नियातल्या त्या संशोधकांच्या व्याख्येत त्या 'मासे खाणाऱ्या शाकाहारी' गटात जाऊन बसल्या असत्या. माणूस तोच, ताट तेच, आणि दोन अभ्यासांत दोन विरुद्ध बाजूंना.

हे लक्षात आल्यावर मी कर्जत स्टेशनच्या बाकावर बसून अर्धा तास फॉर्मकडे नुसती बघत होते. लोकल सुटली.

'कशाच्या ऐवजी?'

गाईडकडे गेले. त्यांनी फॉर्म वाचला आणि एवढंच विचारलं : "मांस खाल्लं, ते कशाच्या ऐवजी?"

हा या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पोटाला मर्यादा असते. एक गोष्ट वाढली की दुसरी कमी होते. सोसायटीतल्या गृहस्थांनी सॉसेज सोडून मटकीची उसळ आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले, तर फायदा व्हायची शक्यता चांगली आहे. प्रक्रिया केलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरतं, हा पुरावा पक्का असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं. (इथे लक्ष द्या : 'पुरावा पक्का' म्हणजे 'धोका प्रचंड' असं नाही. सिगारेटही त्याच यादीत आहे, पण दोन्हींचा धोका सारखा नाही.) हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला, की रोजच्या लाल मांसाच्या एका वाढणीऐवजी मासे, कोंबडी, सुकामेवा, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध किंवा अख्खी धान्यं घेतली तर मृत्यूचा धोका ७ ते १९ टक्क्यांनी कमी दिसतो.

पण वाडीवरच्या दीड वर्षाच्या मुलाच्या वाटीत पातळ भाताच्या जोडीला एक अंडं आलं, तर तिथे 'ऐवजी' काय आहे? काहीच नाही. तिथे अंडं कशाची जागा घेत नाही, रिकामी जागा भरतं. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून व्यवहारात मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. मांस-मासळीतलं लोह शरीरात सहज शोषलं जातं, पालेभाजीतलं तितकं नाही.

यावर दोन प्रयोग जोडीने वाचा. २०१७ मध्ये इक्वेडोरमध्ये ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं. खुजेपणाचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं. मग मलावीत जवळपास तसाच प्रयोग झाला, मुलं त्याहून कितीतरी जास्त, आणि उंचीवर काहीच ठळक परिणाम दिसला नाही. अंडं तेच, मग असं का? संशोधकांनी दिलेलं एक कारण असं, की मलावीतली ती मुलं मोठ्या तलावाच्या काठची होती, त्यांच्या आहारात मासे आधीपासून होते. जागा मुळात तेवढी रिकामी नव्हती.

म्हणजे 'अंडं चांगलं का?' याचं उत्तर अंड्यात नाही, त्या घरातल्या उरलेल्या ताटात आहे.

ताट ऋतूप्रमाणे बदलतं

आता आपल्या भागाकडे या. जून उजाडला की कर्जत, नेरळ, कशेळेच्या बाजारात शेवळं येतात, सोबत खाज मारायला काकडं. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी. पहिल्या पावसात चढणीचे मासे, चिंबोऱ्या. श्रावणात अनेक घरांत मांसमच्छी बंद. भात निघाला की शेतात वाल, आणि थंडीत पोपटी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, जमलं तर कोंबडी. उन्हाळ्यात सुकट, जवळा, बोंबील. नाचणी तर आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भातात त्याच्या जवळपासही नाही.

तुम्ही फक्त जुलैत सर्व्हे केलात तर ही वाडी पोषणाची खाण वाटेल. एप्रिलमध्ये केलात तर भात आणि सुकट. आणि जानेवारीत गेलात तर आणखी वाईट चूक होईल : कातकरीवाडीत अर्ध्या घरांना कुलूप असेल. दिवाळीनंतर ती कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. तुमच्या सॅम्पलमध्ये राहतील ते त्यातल्या त्यात बरी परिस्थिती असणारे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे, आणि नेमके त्यातले सगळ्यात अडचणीतले लोक तुमच्या आकड्यांतून गायब. याला सिलेक्शन बायस म्हणतात. पुस्तकात तो एका परिच्छेदात संपतो, इथे तो कुलपाच्या रूपात दिसतो.

आयुर्मान म्हणजे नक्की काय?

अजून एक गाठ सोडवू. समजा १०० बाळं जन्मली. १० पहिल्याच वर्षी दगावली, उरलेली ९० सत्तर वर्षं जगली. सरासरी आयुर्मान साधारण ६३. आता समजा लस, स्वच्छ पाणी, आईचा आहार यामुळे ती दहाही बाळं वाचली आणि सत्तरपर्यंत जगली. आयुर्मान ७०. सात वर्षांची वाढ झाली, पण एकही म्हातारा माणूस एक दिवसही जास्त जगला नाही!

म्हणून 'दीर्घायुष्य' हा शब्द जपून वापरा. गरीब भागात आयुर्मान वाढतं ते बरंचसं पाळण्यात. सुखवस्तू घरात वाढतं ते पन्नाशीनंतर, हृदय आणि साखर सांभाळून. या दोन ठिकाणी आहाराचे सल्ले वेगळे असणारच.

पाळण्याच्याही आधी काय होतं, यावर आपल्या राज्यातच मोठं काम झालंय. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. आणि साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये ब१२ कमी होतं. म्हणजे पालाही हवा आणि प्राणिजन्य काहीतरीही हवं, दोन्ही गोष्टी एकाच गावात दिसल्या.

पण हेही निरीक्षणच. पालेभाजी खाणारी आई कदाचित मळा असणाऱ्या घरातली असेल. म्हणून पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'सरस' हा प्रयोग झाला. साडेसहा हजार स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. निकाल? सगळ्यांचा मिळून बाळाच्या वजनात ठोस फरक नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांमध्ये मात्र सुमारे ४८ ग्रॅमची वाढ, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्के. निरीक्षणात दिसलेली गोष्ट प्रयोगात अशी बदलते, लहान होते, अटी घेऊन येते. तिला घाबरू नका. तीच जास्त भरवशाची.

यात आपलं काय अडलंय?

बरंच. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, असा निर्णय आपल्या राज्यात २०२३ मध्ये झाला. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद झाला. दोन्ही वेळा जी चर्चा झाली, ती 'मांसाहार की शाकाहार' याच भाषेत. म्हणजे माझ्या प्रश्न ११ च्याच भाषेत. चुकीचा प्रश्न फक्त थिसिसमध्ये राहत नाही, तो अंगणवाडीच्या ताटापर्यंत जातो.

म्हणून हायपोथिसिस लिहिण्याआधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा :

१. कोणाचं? बाळाचं, गरोदर आईचं, की पन्नाशीतल्या माणसाचं?
२. किती आणि कधी? 'हो / नाही' पुरत नाही. आठवड्यातून किती वेळा, कोणत्या ऋतूत?
३. कशाच्या ऐवजी? की रिकाम्या जागेत?
४. मोजलं कोणाला? माणसाला, राज्याला की देशाला? आणि मोजायला गेलात तेव्हा घरी कोण नव्हतं?

या चारांची उत्तरं एका वाक्यात आली, की तुमचा रिसर्च क्वेश्चन तयार. माझं शीर्षक आता 'मांसाहार आणि दीर्घायुष्य' राहिलेलं नाही. ते झालंय कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या आहारातला ऋतूनुसार फरक. ऐकायला छोटं वाटतं. पण याचं उत्तर मी देऊ शकेन, आधीच्याचं देऊ शकले नसते.

प्रश्न ११ आता तीन ऋतूंत, तीन फेऱ्यांमध्ये विचारते. अंडी, सुकी मासळी, ताजी मासळी-चिंबोरी, कोंबडी, मटण, दूध, प्रत्येकाचा वेगळा रकाना, शेवटचं कधी खाल्लं त्याचाही. एक फेरी भट्टीवर जाऊन करायची आहे. त्या आजींचा फॉर्म मी फाडला नाही, तो फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "परत तेच विचारणार?" म्हटलं, "नाही आजी, आता कधी गावतं तेच विचारणार." मग त्यांनी बसायला गोणपाट टाकलं आणि तासभर सांगत होत्या.

गृहपाठ : वरच्या दोन एसआरएस तक्त्यांतली सगळी मोठी राज्यं घ्या, शाकाहाराचं प्रमाण आणि आयुर्मान यांचा सहसंबंध काढा. मग तिसरा रकाना जोडा, स्त्री-साक्षरतेचा, आणि पुन्हा बघा. काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या पोस्टमध्ये आहाराची प्रश्नावली कशी तयार करायची ते बघू.